पाय भारी

जोडवं फिरत नव्हतं. निघणं तर लांबच राहिलं, जागच्या जागी नुसतं हलतसुद्धा नव्हतं. डाव्या पायाच्या बोटात रुतून बसलेलं एवढंसं चांदीचं वळं, वर बारीक फुलांची नक्षी, नक्षीच्या खाचांत एरंडेल साचून चमकत होतं. आणि दोन्ही अंगांनी मांस असं वर आलं होतं, की वळं बोटात घातलंय की बोटच वळ्याला गिळून वाढत चाललंय ते कळू नये. वाढत... अन्नपूर्णाबाईनं अंगठा उचलला. मनात आलेला शब्द तिचा तिलाच आवडला नाही. पण दुसरा कुठला शब्द या घरात तिला कुणी शिकवला होता?

"दुखते काय वं?"

"नाई माय. बधिर लागते." कोकिळा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती, दोन्ही हात पोटावर, डोळे मिटलेले. "राहू दे ना आता. मायं डोक्सं दुखून राह्यलं सकाळपासून. तू हालवलं का आनखी ठनकते."

राहू देते, काय करणार... तिनं पदराच्या टोकानं बोट पुसलं आणि सहज – सहज कसलं, ठरवूनच – लेकीच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, मग सोडला. कणकेच्या गोळ्यात बोट दाबावं तसा खड्डा पडला. तो भरून येईपर्यंत ती पाहत राहिली. बाहेर अंगणात वेचणीच्या बायका कापसाच्या ओट्या मोकळ्या करत होत्या, कुणीतरी कुणाला तरी चिडवत होतं, हसू फुटत होतं. आणि खड्डा काही केल्या भरत नव्हता. काल असा नव्हता. किंवा काल मी एवढा वेळ पाहिलंच नाही. काल मला पाहायचंच नव्हतं.

सासूनं तिला बोलायला शिकवलं होतं. लग्न होऊन वरवट बकालला आली तेव्हा तिला बोलता येत होतं, निदान तिचा तसा समज होता. पण इथं पहिल्याच आठवड्यात हातातली बांगडी फुटली, आणि 'फुटली' म्हणताक्षणी दंडाला चिमटा बसला. फुटली नाही म्हणायचं, वाढली म्हणायचं. कुंकू पुसत नाही, वाढतं. डब्यातले तांदूळ संपत नाहीत, तेही वाढतात. दिवा विझवायचा नाही, त्याला निरोप द्यायचा. घराबाहेर पडताना जाते म्हणायचं नाही. अंधार पडल्यावर सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. पोराच्या अंगावर फोड उठले, ताप डोक्यात गेला, तर बाई पाहुण्या आल्या म्हणायचं, त्यांना दहीभात ठेवायचा, डॉक्टरचं नाव काढून त्यांचा अपमान करायचा नाही – आणि पाहुण्या जाताना पोर घेऊन गेल्या, तर डोळे पुसून त्यांची ओटी भरायची. किती सभ्य भाषा! या भाषेत कुणी मरत नाही, काही फुटत नाही, काही संपत नाही. सगळं वाढतच असतं. सासू जाऊन किती दिवाळ्या झाल्या, पण शब्दांच्या किल्ल्या अजून तिच्याच कंबरेला.

आणि दोन जिवांच्या बाईच्या अंगावर काही दिसलं, तर त्याचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही. नाव घेतलं की ते ऐकतं, ऐकलं की मुक्कामाला येतं. पाय भरले म्हणायचं. पाय भारी झाले म्हणायचं.

काल पहाटे तिनं तेच म्हटलं होतं. भगवानराव शेगावला निघाले होते, जिनात कापसाचा भाव काढायला. गडी तुळशीरामनं बैलांची दमणी जुंपली होती आणि ते फेटा बांधत होते. नवऱ्याशी अशा गोष्टी बोलायची तिला सवय नव्हती. त्यांनाही ऐकायची नव्हती. बाप म्हणून ते लेकीच्या त्या अंगाकडे बघत नसत. ते ओसरीवर असले की कोकिळा भिंतीच्या कडेकडेनं, पदर पुढं ओढून जायची, आणि तेही तेवढ्यात वर आढ्याकडे पाहायचे, जणू तिथं काही लिहिलंय. मोठं मर्यादेचं घर आमचं. तर ती चौकटीला धरून, चौकटीलाच सांगत असल्यासारखी बोलली, "थो टेशनाजोळचा डाक्टर हाये ना... त्याले म्हना, पोरीचे पाय लय भारी झाले. काय करा लागते ते इचारा."

भगवानरावांचे कान लाल झाले. "हाव, हाव," म्हणाले ते घाईघाईनं, आणि फेट्याचं टोक खोचता खोचता बाहेर गेले. बिचारे. माणूस वाईट नाही. आजवर तिच्यावर हात उचलला नाही, लेकीला काही कमी केलं नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या.

तिला स्वतःला जाता आलं असतं का, पोरीला घेऊन? कुणाकडे? शेगावचा डॉक्टर पुरुष. इकडच्या सरकारी दवाखान्यातलाही पुरुष, तिथं तर बायका पायरीही चढत नाहीत, बाप्ये खिडकीशी रांग लावतात, आणि आतून कंपाउंडरनं कोण आजारी म्हणून विचारलं की सांगतात – "घरी." घरी पोट दुखते. घरी ताप आला. घरी तीन दिवसांपासून रक्त जाऊन राह्यलं, असं काही कुणी सांगत नाही, तिथं नुसतंच घरी बरं नाही. मग दवाही घरालाच मिळते, गुलाबी पाण्याची. घर ती पितं. घर बरं झालं तर झालं, नाही तर भिंती पुन्हा सारवायला दुसरी आणतात.

"माय, पानी दे."

तिनं तांब्या दिला. कोकिळानं तो धरला तेव्हा बोटं तांब्याभोवती नीट वळत नव्हती. हातसुद्धा! कालपर्यंत हात बरे होते... बांगड्या मनगटावर चढून बसल्या होत्या, हिरव्या, ओटीभरणात भरलेल्या. त्या किणकिणत नव्हत्या, हे तिला आता जाणवलं. सकाळपासून घरात लेकीच्या बांगड्यांचा आवाजच नाही.

बुलढाण्याहून आणली तेव्हा काय वाजत होत्या! आणली कुणी? मीच. कुणाला नाव ठेवू? जावई शालिग्राम तिथं कचेरीत कारकून, वर घाटावर थंड हवेचं गाव, चिऱ्यांचं घर. आणि घराच्या ओट्यावरून समोर दिसतो बायकांचा दवाखाना. लाल कौलांचा. तिथं डॉक्टरीण बसते – बाईमाणूस, चष्मा लावणारी, छत्री घेऊन एकटी चालत येणारी. कोकिळा शेजारणीबरोबर तिथं गेली होती एकदा, मजा म्हणून. परत येऊन कौतुकानं सांगत होती, दंडाला पट्टा गुंडाळते माय, अन् फुस फुस हवा भरते, अन् मंग पाय पाह्यते, बोट दाबून पाह्यते. म्हने दर महिन्याले येत जाय. आणि मी हसले. ओटीभरणाला गेले होते ना मी, नारळ-खण घेऊन. विहीण पुष्पाबाईच्या देखत हसले, आणि म्हटलं, आता कायची येते ती दर महिन्याले, पहिलं बाळंतपण माहेरीच होते! पुष्पाबाई पण हो म्हणाली. म्हणणारच. पद्धत तिचीही तीच. कुणीही चुकलं नाही. सगळ्यांनी रीतीप्रमाणे केलं... लढाईमुळं पेट्रोल नाही म्हणून कोळशावर चालणारी ती मोटार, पाठीला धुराची भट्टी बांधलेली. घाटात उतरून पोरीला चालवलं थोडं. मग मलकापूरहून रेल्वे, शेगावपासून दमणी. वाटेत प्रत्येक मुक्कामाला कुणी ना कुणी हळदकुंकू लावून म्हणालं, माहेरी चालली का, छान! असं हळदीकुंकवानं, वाजतगाजत मी तिला दवाखान्याच्या दारातून उचललं आणि इथं आणून ठेवलं, जिथं बोट दाबून पाहायला मी आहे. पाहायला आहे. त्यापुढं काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

परत न्यायचं म्हणून तिनं आठ दिवसांपूर्वी भीत भीत विषय काढून पाहिला होता. भगवानराव गोरेमोरे झाले होते. बाळंतपणाला आणलेली लेक तशीच परत धाडायची? व्याही काय म्हणतील – एक बाळंतपण झेपलं नाही वरवटच्या पाटलाले? आणि दवाखान्यात न्यायचं तर ते आपल्या हातात थोडंच आहे, ती आता त्यांची. त्यांना पुसल्याशिवाय तिच्या अंगाला परक्याचा हात लावू देणारे आपण कोण? माहेरी आहे म्हणून सासरची माणसं जबाबदार नाहीत, सासरची आहे म्हणून माहेरच्यांना अधिकार नाही. बरं आहे! गाईम्हशीला तरी एक मालक असतो.

दुपारी सोजराबाई आली. गावातली सगळी पोरं हिच्या हातावर जन्मलेली, कोकिळासुद्धा. ती मागच्या दारानं आली, तिच्यासाठी वेगळं ठेवलेलं पोतं स्वतःच अंथरून बसली, आणि लुगडं सावरून कोकिळाच्या पोटावर हात फिरवू लागली. अन्नपूर्णाबाई तिच्या तोंडाकडे पाहत होती. सुईणीनं पायांकडे पाहिलं; पाहिलं आणि नजर काढून घेतली. ते काढून घेणं अन्नपूर्णाबाईनं बरोबर टिपलं.

"भरले पाय," सोजराबाई म्हणाली. "चांगलं हाये. पोरगा होते असे पाय भरले का."

"सोजरा, सुभद्रीचे भरले होते तवा बी तू हेच म्हटलं होतं."

सोजराबाईचा हात पोटावर थांबला. मग ती हळूच म्हणाली, "मले कायले बोलाले लावता, मालकीनबाई? म्या काही म्हटलं अन् उद्या काही झालं, तं गाव म्हनन का सोजरीनंच नजर लावली. तुमी बोलत नाई, मी कायनं बोलू?"

खरं होतं. तिनं सोजराबाईला पाणी दिलं, वरून, ओंजळीत. लेकीच्या पोटाला हिचा हात चालतो, नाळ हिनंच कापायची, जन्मलेलं पोर पहिल्यांदा हिच्याच मांडीवर. पण घागरीला हात चालत नाही. पाणी ओंजळीतून सांडत होतं आणि अन्नपूर्णाबाईला वाटलं, आपण दोघी बायका इथं बसून कसला खेळ खेळतो आहोत? दोघींना माहीत आहे. दोघींनी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे, याच खोलीत.

सुभद्रा... धाकटी जाऊ. हिचंही नाव घ्यायची बंदी आहे घरात. सावळी, उंच, जात्यावर बसली की इतकं गाणारी की सासू म्हणायची, दळते का कीर्तन करते. तिचेही पाय असेच भारी झाले; जोडवी अशीच रुतली. मी तेव्हा तेल लावून पाहिलं होतं, हेच एरंडेल, आणि ती खुदखुदत होती, वयनीबाई गुदगुल्या होतात. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसली. दिवेलागण झाली, मी कोनाड्यात दिवा लावला, तिच्याच डोक्याशी, आणि ती म्हणाली, "वयनीबाई, अंधार काऊन करून ठेवला? दिवा लावा ना." मला थट्टा वाटली. हो, मी हसले होते. दिवा तिच्या डोळ्यांत दिसत होता, दोन्ही बुबुळांत एक एक, आणि ती तो लावायला सांगत होती. त्यानंतर थोड्या वेळानं दातखीळ बसली. डोळे फिरले, अंग कमानीसारखं वाकलं, टाचा जमिनीवर आपटायला लागल्या – आणि सासू ओरडली, अंगात आलं! मिरच्यांची धुरी केली. भगताला आणलं. निंबाच्या डहाळीनं तिला झोडपत होते आणि विचारत होते, कोन हायेस तू? सांग, नाव सांग! ज्या घरात कुठल्याच गोष्टीचं नाव घ्यायचं नाही, तिथं त्या दिवशी सगळे मिळून एका बेशुद्ध पोरीला ओरडून ओरडून नाव विचारत होते. ती काय सांगणार? मला माहीत होतं ते. पायाला आलेलं, हाताला आलेलं, तोंडाला आलेलं – मी रोज पाहत होते, आणि मी दारामागं उभी होते, पदर तोंडात कोंबून.

पहाटेआधी गेली. पोटातलं पोटातच. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, बायका म्हणाल्या, अहेव गेली, नशीब काढलं. जोडवी तिच्या बोटांतच गेली, ती काही कुणाला काढता आली नसतीच. आणि सगळ्यात शेवटी, बाळंतपणात गेलेली बाई परत येऊन छळते म्हणून स्मशानातून येताना वाटेवर मोहरी पेरत आले. ती मोहरी वेचत बसेल आणि उजाडेल, घरी पोचणार नाही. ज्या घराच्या भिंती तिनं सारवल्या त्या घरी! मोहरी मीच काढून दिली होती डब्यातून. पुढच्या उन्हाळ्यात दिराचं दुसरं लग्न झालं.

दिवस मावळता मावळता दमणीचा आवाज आला. अन्नपूर्णाबाई चुलीपुढून उठली ती इतक्या घाईनं, की लाकूड बाहेर पडलं. कालपासून ती या आवाजाची वाट पाहत होती, आता स्वतःशी कबूल करायला हरकत नव्हती. डॉक्टर शिकलेला माणूस. तो विचारील, किती, कधीपासून, लघवी होते का. तो म्हणील, ताबडतोब घेऊन या – आणि एकदा डॉक्टर म्हणाला म्हणजे मग मर्यादा, व्याही, गावची तोंडं, सगळं बाजूला. पुरुषाचं पुरुष ऐकतात. रात्रीतून निघू, सकाळी रेल्वेत असू... तिनं मनातल्या मनात लेकीचं लुगडंसुद्धा काढून ठेवलं.

भगवानराव आत आले. तोंडावर धूळ आणि धुळीतून हसू. त्यांनी एक बाटली खांबाशी ठेवली, शेजारी पेढ्यांचा पुडा.

"डाक्टर हसला," ते म्हणाले, तिच्याकडे न पाहता. "म्या म्हटलं, पोरीचे पाय भारी झाले. तं म्हने, अरे वा पाटील, ही तं आनंदाची गोष्ट हाये! कितवा? म्या म्हटलं आठवा. म्हने उशिरानं सांगून राह्यले, आता हे टानिक द्या, दूध द्या, अन् आमचं तोंड गोड करा. मंग त्याले बी पेढे देल्ले अन् घरी बी आनले."

ती पुड्याकडे पाहत राहिली. दोऱ्याला लाल कागदाचा तुकडा चिकटला होता. पाय भारी. म्हणजे दिवस गेले! अर्थात... साऱ्या वऱ्हाडात या शब्दाचा दुसरा अर्थ तोच तर आहे, पहिलाच अर्थ तो आहे, रस्त्यावरचं पोर सांगेल. तिनं पाठवली एक गोष्ट आणि वाटेत तिची दुसरीच झाली. आठ महिन्यांच्या पोटाची बातमी शेगावच्या डॉक्टरला कळवली म्हणायची! तिला हसू यायला लागलं, पोटातून, वाईट. भाषा इतकी शुभ करून ठेवली की तिच्यातून संकट बाहेरच पडेना; दाराशी आलं की त्याचा पेढा होतो.

आणि यांना? यांना खरंच कळलं नव्हतं? हेही त्या रात्री ओसरीवर बसले होतेच की, टाचा आपटायचा आवाज यांनीही ऐकला होता. चौकटीला धरून बायको बोलते, आवाज कापतो, तेव्हा ती काय आठ महिन्यांनी नवी बातमी सांगते? की दोन अर्थांतला जो सोपा तो घेऊन माणूस निघून जातो... तिला ठरवता येईना. त्यांचं तोंड तर भोळंच दिसत होतं. भोळेपणाचा तिला आयुष्यात पहिल्यांदा इतका संताप आला.

ते बाहेर गेले. अंगणात मोतीराम येऊन बसला होता, शेजारचा, कापसाचा भाव विचारायला. तुळशीराम बैल सोडत होता. ती चुलीशी परतली, बाहेर आलेलं लाकूड आत सारलं. आणि तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला, मोठा, मोकळा.

"अबे तुळश्या, थांब! बांड्याचा पाय पाह्य. सुजला बे!"

तिच्या हातातली फुंकणी तिथंच राहिली.

"सुजला ना! चांगलाच सुजला. हे पाह्य मोतीराम, बोट दाबलं तं खड्डा पडते. म्या म्हटलंच वाटेनं, हा दबून काऊन चालून राह्यला."

"गुरांच्या डाक्टरले दाखवा," मोतीराम म्हणत होता.

"तं! उद्या उजाडलं का जाय रे तुळश्या, घेऊनच ये त्याले. हयगय करू नको. मुकं जनावर हाये, त्याले थोडीच सांगता येते." आणि मग आतल्या दिशेनं, "अवं, निंबाचा पाला टाकून पानी तापव! शेकाले पाह्यजे."

सुजला. किती सहज! अंगणात, दिवेलागणीला, चारचौघांत. आणि आभाळ पडलं नाही, कुणी कुणाला चिमटा काढला नाही, बैल मेला नाही. बैलाला सूज येते. बैलाची सूज ऐकत नाही, मुक्कामाला येत नाही. तिला दाबून पाहतात, तिचं नाव घेतात आणि डॉक्टर आणतात. तिनं यंत्रासारखं पातेलं चुलीवर चढवलं. पाला टाकला. पाण्याला आधण येऊ लागलं तशी तिच्या आत कुठलीतरी गोष्ट, वर्षानुवर्षं तळाशी बसलेली, हलायला लागली. तिनं कोनाड्यातला दिवा लावला, लेकीच्या उशाशी, आणि पातेलं फडक्यानं धरून उचललं.

"माय..." कोकिळा म्हणाली. डोळे सताड उघडे होते. "अजून दिवा लावला नाई काऊन?"

दिवा जळत होता. तिच्या दोन्ही बुबुळांत एक एक.

अन्नपूर्णाबाई कशी बाहेर आली ते तिला नंतर सांगता आलं नसतं. पदर डोक्यावरून घसरला होता आणि तो सावरायला हात मोकळे नव्हते. ओसरीच्या पायरीवर ती उभी राहिली. मोतीरामनं तिला पाहून मान खाली घातली. भगवानराव उकिडवे बसले होते, बैलाचा पाय दोन्ही हातांत, मुलाचा घ्यावा तसा.

"ठेव तिथंच," ते म्हणाले.

ओठांवर आले ते सगळे जुनेच शब्द, शहाण्यासारखे रांगेनं. भरले, भारी झाले, बरं वाटत नाही, घरी जरा... तिनं ते एकेक करून मागं ढकलले.

"पोरीचे पाय सुजले."

तिला वाटलं ऐकूच गेलं नाही.

"सूज हाये. हाताले बी हाये. आता डोळ्यानं दिसून नाई राह्यलं तिले. सुभद्रीले झालं होतं, तेच हाये हे. दुसरी जोडी जुंपा."

"अवं..." भगवानराव पुटपुटले. "दिवेलागनीले असं... काय बोलतं तू हे..."

मळ्यातली जोडी अजून यायची होती. पूर्णा ओलांडायची, शेगाव गाठायचं, रेल्वे, घाट, लाल कौलं. सगळी वाट तिच्या डोळ्यांपुढं होती आणि ती फार लांब होती, आपण तिथं पोचू असं तिला क्षणभरही वाटलं नाही. तरी भीती वाटत नव्हती. भीती कुठं गेली हे ती मनात शोधत होती आणि तिथं सापडत होता तो नुसता राग, नवऱ्याचा, सासूचा, डॉक्टरच्या हसण्याचा, स्वतःच्या गोड बोलण्याचा. आणि त्या रागात प्रथमच सुभद्रीचा चेहरा तिला लख्ख दिसत होता, मोहरीपलीकडून घरात आलेला. भगवानरावांचे हात बैलाच्या पायावरच होते. ते उठतील की नाही हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. नाही उठले तर मी पुन्हा म्हणेन. गल्लीत जाऊन म्हणेन. पातेल्याचे चटके फडक्यातून बोटांना बसत होते, पण बैलासाठी तापवलेलं ते पाणी तिनं अजून खाली ठेवलं नव्हतं.